करार आणि भाष्यकार

युरोपीय आर्थिक समुदाय स्थापणाऱ्या १९५७ च्या रोम करारात, समुदायाचा कायदा राष्ट्राच्या कायद्याहून श्रेष्ठ होय, असे वाक्य कोठेही नाही. ते तत्त्व लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९६४ मध्ये सांगितले. निमित्त काय, तर मिलानच्या कोस्टा नामक वकिलाने न भरलेले विजेचे क्षुल्लक बिल! आदल्याच वर्षी एका डच आयातदाराच्या खटल्यात (जकात ३ वरून ८ टक्के झाली होती) सामान्य व्यापाऱ्यासही करारावरून हक्क सांगता येतो, असे ठरले होते. या सुट्या निकालांतील संविधानाची आकृती एरिक स्टाइन या प्राध्यापकाने १९८१ च्या लेखात ठळक केली. न्यायालय स्वतः कराराला संविधानात्मक सनद म्हणाले ते १९८६ मध्ये. भाष्यकार येथे साक्षीदार न राहता पक्षकार झाला, असे आम्हांस वाटते. मिताक्षरा जाणणाऱ्यांस याचे नवल नाही. जर्मन घटना न्यायालयाने मात्र १९७४ मध्येच बजाविले होते, की समुदायापाशी मूलभूत हक्कांची सनद नाही तोवर तपासणीचा अधिकार आपलाच.