क्वांटम यामिकीच्या अध्ययनातील गणित

क्वांटम यामिकीत गणित हे केवळ आकडेमोडीचे साधन नाही; तिच्या मूळ संकल्पनांची व्याख्याच गणितात होते. कणाची अवस्था म्हणजे सदिश, मोजता येणारी राशी म्हणजे त्या सदिशावर क्रिया करणारा कारक. हे टाळून केलेली वर्णने रंजक असतात, पण त्यांवरून एकही भाकीत करता येत नाही.

१९२५ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांनी मांडलेला विचित्र गुणाकार हा मॅट्रिक्सचा गुणाकार आहे, हे माक्स बोर्न यांनी ओळखले. त्यात क्रम बदलला की उत्तर बदलते. स्थान आणि संवेग यांच्या दोन क्रमांतील हाच फरक १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वाच्या मुळाशी आहे. उपकरणे ढोबळ असल्यामुळे अनिश्चितता येते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

एर्विन श्रोडिंगर यांचे १९२६ मधील तरंग समीकरण भौतिकीतज्ज्ञांना ओळखीचे वाटले, आणि बरेच अभ्यासक्रम तिथूनच सुरू होतात. हायड्रोजन अणूसाठी ते सोयीचेही आहे. मात्र पहिल्याच सत्रात विद्यार्थी समाकलने सोडवण्यात गुंततो आणि कारक म्हणजे काय हा प्रश्न मागे पडतो.

इलेक्ट्रॉनच्या फिरकीचे उदाहरण अधिक सोपे आणि अधिक बोलके आहे. फिरकी ‘वर’ असलेले कण आडव्या दिशेच्या चुंबकातून सोडले, तर निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे जातात. कोणता कण कुठे गेला हे न नोंदवता दोन्ही झोत पुन्हा एकत्र केले, तर ‘खाली’ फिरकीचे कण किती मिळतील? साध्या संभाव्यतेने प्रत्येक वाटेचे १/४, म्हणजे एकूण १/२. क्वांटम यामिकीत मात्र आधी आयामांची, म्हणजे ज्यांच्या वर्गातून संभाव्यता मिळते त्या संख्यांची, बेरीज होते आणि मग वर्ग: एका वाटेचा आयाम १/२, दुसरीचा −१/२, बेरीज शून्य. ‘खाली’ फिरकीचा एकही कण मिळत नाही. सगळे मर्म त्या उणे चिन्हात आहे. शब्दांत ते कितीही फिरवून सांगितले तरी पटत नाही.

रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांच्या तिसऱ्या खंडात (१९६५) तरंग समीकरणाआधी फिरकी शिकवण्याची हीच वाट आहे. तरंग समीकरण तिथे सोळाव्या प्रकरणात येते. या वाटेने सुरुवात करायला लागणाऱ्या संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स महाराष्ट्रातील विद्यार्थी अकरावी-बारावीच्या गणितातच शिकतात.