टिळकांचा धर्म आणि लक्ष्मीबाईंचा निर्णय

वैभववाडीहून आम्ही बचत गटाच्या समन्वयक बोलतोय.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, आणि ज्यांच्या पडवीत बैठक होती त्या ताईंनी चहा आणला. दोघींनी कप उचललाच नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. त्या ताई काही महिन्यांपासून रविवारी ख्रिस्ती प्रार्थनेला जात होत्या. मागाहून कुणी म्हणालं, "नवऱ्याने नेलं असणार." कुणी म्हणालं, "काहीतरी मिळालं असणार." ताईंना मात्र कुणी काही विचारलं नाही. आम्हीही गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं आम्हाला लागून राहिलं. म्हणून आज लक्ष्मीबाई टिळकांची हकीगत सांगतो. हाच प्रश्न त्यांच्या घरात सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मिठाचीसुद्धा सुटका नव्हती. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. हे आपल्या कोकणातले, १८६१ साली करजगावात जन्मलेले. करजगाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, आणि आपला सिंधुदुर्गही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. टिळक कवी, विद्वान आणि लहरी. आज इथे, उद्या तिथे. संसार एका जागी टिकायचा नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरांशी त्यांची ओळख झाली ती लग्नानंतर.

एकदा टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं कवितेवरून धर्मावर आलं, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात बायबलातला नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना पुस्तक खाली ठेववेना. पुढे मनाशी पुष्कळ झगडून त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार.

ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. पदरात लहान मुलगा दत्तू. नातेवाइकांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, त्या राहिल्या. अशी चार-पाच वर्षं गेली. त्या काळी बाईला सोडून देणं पुरुषाला सोपं होतं. धर्म बदलल्यामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर धर्म बदललेल्या माणसाला कोर्टातून लग्न मोडून मागता येईल, असा कायदा इंग्रजांनी १८६६ सालीच केला होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबले. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याजवळ गेल्या, तरी आपलं सोवळं त्यांनी सोडलं नाही. त्या वेगळं शिजवत आणि पाणी वेगळं ठेवत. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही.

मैत्रिणींनो, आपण म्हणतो, घरधनी गेला तिकडे बाईही गेली. इथे तसं झालं नाही. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्यांची स्वतःची होती. त्या काळात त्या बघत होत्या, भांडत होत्या, विचार करत होत्या.

बदल झाला तो आधी पाण्याच्या घोटात. हा शिवला, तो शिवला, म्हणून तहानलेलं राहायचं, हे रोजचंच होतं. एके दिवशी विचार करता करता त्यांना पटलं की माणूस देवाने केला, जाती माणसाने केल्या. मग दुसऱ्याच्या हातचं पाणी विटाळतं कसं? त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा नंतर आला. मन आधी धुतलं गेलं, डोक्यावर पाणी मागाहून पडलं.

पंडिता रमाबाईंचंही असंच आहे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मधल्या काळात आपल्या धर्मगुरूंशी आणि शिक्षिकांशी त्यांनी पत्रांतून वाद घातले. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी मानणार नाही, माझ्या मनाला पटलं पाहिजे, ही त्यांची अट होती. याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो बायका-मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला, आणि हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. संस्कार एका दिवसाचा असतो. श्रद्धा किती खरी ते पुढच्या वर्षांत कळतं.

लक्ष्मीबाईंच्या पुढच्या वर्षांत काय दिसतं? पोरक्या मुली त्यांच्या घरी वाढल्या. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण कवी त्यांच्याकडे मुलासारखा राहिला. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला, त्याला कुणी धर्म बदल म्हटलं नाही. जिथे मीठ धुतलं जायचं त्या घरची लेक आता दारात येईल त्याला जेवायला वाढत होती.

उपासनेचंही तसंच. तोवर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर म्हटली जायची. शब्द ओठांवर, पण मनाला ते परकेच. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन देवळाबाहेर आणून चर्चमध्ये नेलं. त्यांची कितीतरी पदं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. लक्ष्मीबाईंनीही पदं रचली, कीर्तनं केली. आपल्या वाडीत भजनाला बसलेल्या बाईला हे लगेच कळेल. जी भाषा रडताना तोंडात येते, तीच देवापुढे खरी.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं आणि त्यातला बहुतेक भाग लिहिला. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी स्वतःची हकीगत लिहिली, तेच 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून भागाभागाने छापलं गेलेलं. शाळा न शिकलेल्या बाईचं हे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं. १९३६ साली त्या वारल्या.

ही हकीगत आम्ही पुढच्या बैठकीत सांगितली आणि मग त्या ताईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "माका कोणी नेल्यान नाय. मी आपणहून गेलंय." नवऱ्याची दारू सुटावी म्हणून त्या आधी सगळीकडे हात जोडून आल्या होत्या. दारू अजून सुटलेली नाही. पण रात्री भीती वाटायची ती आता वाटत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही त्यावर वाद घातला नाही. भीती त्यांची होती, ती गेली हेही त्यांनाच ठाऊक.

आपल्या गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आहे, बचत आहे, कर्ज, परतफेड आणि नोंदी आहेत. देव कुठला हे त्यात विचारलेलं नाही. संविधानाच्या २५ व्या कलमानेही प्रत्येकीला आपल्या मनाप्रमाणे धर्म पाळायची मोकळीक दिली आहे. कुणी कुणाला भुलवून नेऊ नये, आणि कुणी कुणाला अडवूही नये. पण आधी त्या बाईला विचारावं. तिच्या वतीने आपण उत्तर देऊ नये.

त्या दिवशी चहा पुन्हा आला. दोघींपैकी एकीने कप उचलला. दुसरीने अजून उचललेला नाही. लक्ष्मीबाईंनाही पाच वर्षं लागली होती. आम्ही थांबू. बैठक मात्र यापुढेही त्याच पडवीत आळीपाळीने होईल, हे गटाने ठरवलंय आणि वहीत तसं लिहिलंय.