ताडीची पारख

केळवे-माहीमपासून सातपाटीवरून तारापूर-चिंचणीपर्यंतचा किनारा आज अणुविद्युत केंद्रामुळे आणि बोईसरच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. अणुविद्युत केंद्र 1969 साली सुरू झाले. पालघर हा स्वतंत्र जिल्हा तर 2014 साली झाला. परंतु त्यापूर्वी कितीतरी काळ या किनाऱ्याची ओळख ताड, माड आणि शिंदी या तीन झाडांशी जोडलेली होती. या झाडांच्या रसाची पारख ही येथील एक जुनी विद्या होय. ती पारख कोणी करावयाची, या प्रश्नावरून या प्रदेशात जे घडले ते इतिहासात नमूद होण्याजोगे आहे.

ताडीची परीक्षा प्रथम वेळेवरून होते. भंडारी पायांत दोराचा फास अडकवून झाडावर चढतो, फुलोऱ्याच्या दांड्याला धारदार कोयत्याने पातळ काप देतो आणि खाली मडके बांधतो. रात्रभर ठिबकलेला रस पहाटे उतरविला म्हणजे तो गोड आणि निर्मळ असतो. त्यात शंभर भागांस सुमारे दहा ते पंधरा भाग साखर असते. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर ही गोडी काही काळ टिकते. चुना नसेल तर हवेतील आणि मडक्यातील किण्व आपले काम सुरू करते. काही तासांतच रसावर फेस येतो, जिभेला चुणचुण लागते आणि मद्यांश चार-पाच टक्क्यांवर जातो. सायंकाळी आंबटपणा वरचढ होतो आणि दुसऱ्या दिवशी तर शिरकाच हाती लागतो. जाणता मनुष्य फेस पाहून, वास घेऊन आणि एक घोट जिभेवर फिरवून मडके केव्हा उतरविले हे अदमासाने सांगू शकतो. रस ताडाचा, माडाचा की शिंदीचा, हेही त्यास चवीवरून कळते.

या विद्येचे मर्म बिअरशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. बिअर भिजवून मोड आणलेल्या जवापासून करतात आणि तीत हॉप नावाच्या वेलीची फुले उकळतात. या फुलांनी तिला कडवटपणा आणि सुगंध येतो. शिवाय पेय नासविणाऱ्या पुष्कळ सूक्ष्म जंतूंना त्यांतील द्रव्ये आळा घालतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळील बो येथील हॉजसन याच्या कारखान्यातून अशी भरपूर हॉप घातलेली बिअर गलबतांवरून मुंबई-कलकत्त्यास येत असे. चार-सहा महिन्यांचा प्रवास तिला बाधत नसे. पुढे 1822 च्या सुमारास बर्टन या गावी हिंदुस्थानासाठी बिअर होऊ लागली. तेथील पाण्यात जिप्सम असल्यामुळे हॉपचा कडवटपणा अधिक स्वच्छ आणि कोरडा उतरे. अशा बिअरचा परीक्षक रंग, फेस आणि सुगंध पाहतो. आणि घोट गिळल्यावर कडवटपणा जिभेवर किती वेळ रेंगाळतो, तो मवाळ आहे की ओरबाडणारा, हे तपासतो. ताडीला असा राखणदार नाही. म्हणून बिअरची परीक्षा सहा महिन्यांनीही होऊ शकते, ताडीची त्याच दिवशी व्हावी लागते.

जी वस्तू टिकत नाही ती साठविता येत नाही, आणि जी साठविता येत नाही तिच्यावर कर बसविणे अवघड जाते. बिअरचे पिंप मोजता येते, भट्टीची दारू मापाने मोजता येते; ताडी मात्र झाडावरच आंबू लागते. इंग्रज सरकारने यावर तोड काढली ती अशी की, कर रसावर न घेता झाडावरच घ्यावा. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे. झाडाने रस किती दिला याच्याशी कराचा संबंध नव्हता. एखादे झाड आटले तर तोटा भंडाऱ्याचा. त्यानंतर 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले परवान्यावाचून गोळा करण्यास व बाळगण्यास बंदी झाली. किनाऱ्यावरील भंडाऱ्याप्रमाणेच डोंगरातील वारल्याचेही घरचे पेय त्याच्या हातून गेले. परवानेदार दुकानातील दारू तेवढी मोकळी राहिली आणि ही दुकाने बहुतांशी पारशी मक्तेदारांकडे होती. वारली आणि कोकणा कुळे त्यांच्या कर्जात बुडाली. चांगले-वाईट ठरविण्याचा अधिकार पिणाऱ्याकडून निघून सरकारी दप्तरात गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

याचे उत्तर आले ते अनपेक्षित दिशेने. 1920 नंतरच्या एक-दोन वर्षांत पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेल्या कोळ्यांत देवीच्या रोगाच्या शांतीसाठी एक विधी सुरू झाला. अंगात आलेल्या व्यक्तीच्या मुखातून देवीची आज्ञा प्रकट होई. हा विधी गावोगाव पसरत उंबरगाव, धरमपूर, वांसदा यांवरून 1922 च्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोहोचला, तेव्हा त्या आज्ञेने ठाम रूप धारण केले होते: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, पारशी दुकानदाराशी व्यवहार ठेवू नका. हजारो आदिवासींनी ती मानली. ज्यांना चव कळत नाही असे सरकार धरून चालले होते, त्यांनीच मडके पालथे घातले. पुष्कळ ठिकाणी हा निश्चय फार काळ टिकला नाही हे खरे. तथापि हा निर्णय आपला आहे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी निषिद्ध ठरविली. कालांतराने परवानेदार दुकानांतून ती पुन्हा मिळू लागली. त्याच कायद्याने न आंबलेल्या रसाला नीरा म्हणून वेगळे स्थान दिले. एकाच झाडाचा, एकाच मडक्यातील रस पहाटे नीरा आणि दुपारी ताडी. म्हणजे कायद्यासही अखेर त्याच घटकेचा आधार घ्यावा लागला, जी घटका भंडारी एका घोटात ओळखीत आला आहे.