हंस एक्स-१ : अदृश्य सोबत्याचे वजन

हंस तारकासमूहातील ‘हंस एक्स-१’ हा क्ष-किरणांचा प्रखर स्रोत १९६४ मध्ये अग्निबाणावरील उपकरणांनी प्रथम टिपला. त्या जागी दुर्बिणीतून दिसतो तो एचडीई २२६८६८ हा निळा महाराक्षसी तारा. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३०,००० केल्विन असले, तरी इतके तीव्र क्ष-किरण एकट्या ताऱ्यातून निघू शकत नाहीत.

१९७१ मध्ये लुईस वेब्स्टर व पॉल मर्डिन यांनी आणि स्वतंत्रपणे टॉम बोल्टन यांनी त्याचा वर्णपट तपासला. वर्णपटरेषा ५.६ दिवसांच्या आवर्तनाने मागेपुढे सरकत होत्या. तारा कोणा अदृश्य सोबत्यासह परस्परांभोवती फिरत असल्याची ती खूण होती. कक्षेतील वेगावरून सोबत्याचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून अधिक ठरले. न्यूट्रॉन तारा एवढा जड असू शकत नाही. म्हणजे ते कृष्णविवर असले पाहिजे. ताऱ्यावरून वाहणारा वायू त्याच्याभोवती तबकडीच्या रूपात फिरत लाखो अंश तापतो व क्ष-किरण उत्सर्जित करतो.

स्टीफन हॉकिंग यांनी मात्र ते कृष्णविवर नसल्याची पैज १९७४ मध्ये किप थॉर्न यांच्याशी लावली होती. १९९० मध्ये त्यांनी हार मान्य केली.

या वजनाचा हिशेब अंतरावर अवलंबून असतो. तारा जितका दूर, तितका तो मुळात तेजस्वी व जड ठरतो आणि त्याला फिरवणारा सोबतीही. २०२१ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी हे अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे असल्याचे दाखवले. त्यामुळे पूर्वी सूर्याच्या १५ पट मानलेले कृष्णविवराचे वस्तुमान आता २१ पट मानले जाते.