स्थूलतेवरील शस्त्रक्रिया व मधल्या वेळचे खाणे

अतिस्थूल व्यक्तीच्या जठराचा आकार कमी करून किंवा अन्नमार्गाचा काही भाग वगळून वजन घटविण्यासाठी जी शस्त्रक्रिया करतात, तिला स्थूलतेवरील शस्त्रक्रिया म्हणतात. ती झाल्यावर रुग्ण एका वेळी थोडेच अन्न घेऊ शकतो. परंतु दिवसातून किती वेळा खावे, यावर जठराच्या नव्या आकाराचे नियंत्रण नसते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात थोडेथोडे खात राहण्याच्या सवयीला बोलीभाषेत ‘दिवसभर चरणे’ म्हणतात. घटलेले वजन पुन्हा वाढण्याशी या सवयीचा निकटचा संबंध आढळून आला आहे. या शस्त्रक्रियांच्या सु. सत्तर वर्षांच्या इतिहासात ही सवय प्रथम दुर्लक्षिली गेली, नंतर ती बहुधा रुग्णाच्या दुर्बल इच्छाशक्तीची खूण समजली गेली आणि अखेरीस तिचा स्वतंत्र अभ्यास होऊन तिचे नियमन हा उपचाराचाच एक भाग बनला.

आरंभीचा काळ : स्थूलतेसाठी लहान आतड्याचा काही भाग काढून टाकण्याचा प्रयोग स्वीडनमधील शस्त्रवैद्य व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी केला व त्याची माहिती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ए. जे. क्रेमेन, जे. एच. लिनर व सी. एच. नेल्सन यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याच्या निरनिराळ्या भागांच्या पोषणविषयक कार्यासंबंधीचे आपले संशोधन मांडले. पुढे जे. हॉवर्ड पेन व लोरेन डीविंड यांनी मध्यांत्राचा आरंभीचा सु. ३५ सेंमी. भाग शेषांत्राच्या शेवटच्या सु. १० सेंमी. भागास जोडण्याची पद्धत १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीत जठराला हात लावला जात नसे. खाल्लेले अन्न पुरते शोषले जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. साहजिकच रुग्णाच्या खाण्याच्या सवयी बदलण्याचा विचार तीत गौण होता. तथापि तीव्र अतिसार, मुतखडे, सांधेदाह व क्वचित यकृत निकामी होणे असे गंभीर उपद्रव उद्‌भवू लागल्यामुळे १९८० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली.

जठराचे लघुकरण : आयोवा विद्यापीठातील एडवर्ड ई. मेसन (१९२०–२०२०) यांनी वेगळी दिशा घेतली. पचनज व्रणासाठी जठराचा काही भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढत नाही, या निरीक्षणावरून त्यांनी व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्यास जोडला. या जठर-परिमार्ग पद्धतीत १९७७ मध्ये वॉर्ड ग्रिफेन यांनी स्विस शस्त्रवैद्य सेझार रू (१८५७–१९३४) यांच्या नावाने ओळखली जाणारी इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी वापरली. तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. आतड्याची पुनर्रचना टाळावी म्हणून मेसन यांनी १९८० मध्ये उभी पट्टबद्ध जठररचना सुरू केली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी सु. २० मिलि. वा त्याहून कमी धारणशक्तीची पिशवी तयार करून तिच्या निर्गमद्वाराभोवती ५ सेंमी. परिघाची कृत्रिम जाळीची पट्टी बसवीत. ही रचना साधी व शरीरक्रियेत फारशी ढवळाढवळ न करणारी असल्याने लोकप्रिय झाली. लहान पिशवी लवकर भरेल, तृप्ती लवकर होईल आणि आहार आपोआप कमी होईल, असे या पद्धतीमागील गृहीत होते.

मऊ व गोड पदार्थांचा प्रश्न : हे गृहीत अंशतःच खरे ठरले. घट्ट अन्न पिशवीत काही काळ थांबते, तिच्या भित्तीवर ताण आणते आणि त्यामुळे तृप्तीची जाणीव होते. आइसक्रीम, दुधाची गोड पेये, वितळणारे चॉकलेट यांसारखे पदार्थ मात्र अरुंद द्वारातून सहज निसटतात. पट्टी बसविलेल्या अनेक रुग्णांना मांस किंवा पाव गिळणे कष्टाचे होई, उलट्या होत. त्यामुळे ते नकळत मऊ व गोड पदार्थांकडे वळत. अर्थात याचे मूळ केवळ जिभेच्या लालसेत नव्हते; शस्त्रक्रियेने निर्माण केलेली रचनाच रुग्णाला त्या आहाराकडे ढकलीत होती.

हार्वे शुगरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत प्रत्येकी २० रुग्णांवर जठर-परिमार्ग व उभी पट्टबद्ध रचना या शस्त्रक्रिया केल्या होत्या. गोड खाण्याची सवय असणाऱ्यांत पट्टबद्ध रचनेचा परिणाम विशेष असमाधानकारक आढळला. जठर-परिमार्गानंतर साखर लहान आतड्यात एकदम उतरते आणि त्यामुळे धडधड, घाम, पोटात कळा, चक्कर असा लक्षणसमूह उद्‌भवतो. जठरावरील इतर शस्त्रक्रियांनंतर दिसणारा हा लक्षणसमूह विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात होता. त्याच्या भीतीने रुग्ण गोड टाळतात, असे स्पष्टीकरण देण्यात आले. गोडाच्या सवयीवरून शस्त्रक्रियेचे फलित वर्तविता येते, हा निष्कर्ष पुढील सर्व अभ्यासांत टिकला नाही. तथापि कोणती शस्त्रक्रिया करावी हे ठरविताना रुग्ण काय व कसे खातो याची चौकशी करावी, हा विचार या चर्चेमुळे रुजला.

दीर्घकालीन निरीक्षणे : वजनवाढीचा प्रश्न किती व्यापक आहे, हे स्वीडनमध्ये १९८७ साली लार्स स्यॉस्ट्रम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखविले. त्यात शस्त्रक्रिया केलेल्या २,०१० व नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ व्यक्तींचा समावेश होता. शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन वर्षांत वजन सर्वांत कमी झाले आणि नंतर ते हळूहळू काहीसे वाढले. दहा वर्षांनी मूळ वजनातील सरासरी घट जठर-परिमार्गानंतर सु. २५ टक्के, उभ्या पट्टबद्ध रचनेनंतर सु. १६ टक्के व जठराभोवती केवळ पट्टी बसविल्यानंतर सु. १४ टक्के राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया केलेल्या गटातील मृत्यूचे प्रमाणही कमी होते. म्हणजे शस्त्रक्रियेचा लाभ खरा होता. परंतु तो पूर्णपणे टिकून राहत नव्हता.

चरण्याच्या सवयीचा अभ्यास : अमेरिकेतील रोना सॉन्डर्स यांनी २००४ मध्ये चरण्याची सवय शस्त्रक्रियेच्या दृष्टीने जोखमीची असल्याचे प्रतिपादन केले. ऑस्ट्रेलियातील सुसान कोल्स, जॉन डिक्सन व पॉल ओब्रायन यांनी जठरपट्टी बसविलेल्या १२९ रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वी व त्यानंतर एक वर्षाने निरीक्षण केले. २००८ मधील त्यांच्या अहवालानुसार एका बैठकीत अनावरपणे खाण्याच्या विकाराचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर आले. पण चरण्याचे प्रमाण २६.३ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांपर्यंत वाढले. एका वेळी पुष्कळ खाणे शरीररचनेमुळे अशक्य झाल्यावर काही रुग्णांत तीच प्रवृत्ती दिवसभर विभागली गेली, असा याचा अर्थ लावता येतो.

पोर्तुगालमधील एव्हा कॉन्सेइसाव व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या सवयीची प्रमाणभूत व्याख्या सुचविली. भूक वा तृप्ती यांच्याशी संबंध नसलेले, आधी न ठरविलेले व थोड्या प्रमाणात पुनःपुन्हा केलेले खाणे म्हणजे चरणे होय. त्याचे दोन प्रकार मानले जातात : समोर आहे म्हणून सहज तोंडात टाकणे हा एक आणि थांबावेसे वाटूनही थांबता न येणे हा दुसरा. या भेदामुळे एक जुना गोंधळ दूर झाला. शस्त्रक्रियेनंतर थोडेथोडे व अनेकदा खाण्याचा सल्ला वैद्यच देत असल्याने सल्ला कोठे संपतो व सवय कोठे सुरू होते, हे रुग्णांना कळत नसे. वेळ, पदार्थ व प्रमाण आधी ठरवून घेतलेले मधल्या वेळचे खाणे चरण्यात मोडत नाही.

शरीरक्रियात्मक कारणे : भूक वाढविणारे घ्रेलिन हे हॉर्मोन जपानमधील मासायासु कोजिमा व केन्जी कांगावा यांनी १९९९ मध्ये शोधून काढले. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या भागात तयार होते. नलिकाकृती जठर-उच्छेदन या आज सर्वत्र प्रचलित असलेल्या शस्त्रक्रियेत तोच भाग काढला जात असल्याने आरंभी भूक मंदावते. पहिल्या वर्षात रुग्णाला खाण्यावर ताबा मिळाल्यासारखे वाटते, ते बव्हंशी या बदलांमुळे. पुढे भूक परत येऊ लागते आणि कंटाळा, चिंता, एकटेपणा यांतून उद्‌भवणारी खाण्याची इच्छा तर मुळातच जठरावर अवलंबून नसते. जठर-परिमार्गानंतर काही रुग्णांत जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर फार उतरते. ती वाढविण्यासाठी गोड खाल्ल्यास पुन्हा तोच प्रकार घडतो व खाण्याचे चक्र सुरू होते. अशा रुग्णास उपदेशाची नव्हे, तर वैद्यकीय तपासणीची व आहारातील बदलाची गरज असते.

नियमन : अमेरिकेतील तज्ञसंस्थांनी २०१३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसातून तीन लहान जेवणे व प्रत्येक घास पुरता चावणे यांवर भर दिला आहे. दिवसाकाठी किमान ६० ग्रॅ. प्रथिने घ्यावीत, जेवताना पाणी पिऊ नये व त्यानंतर सु. अर्धा तास थांबावे, असेही सामान्यतः सांगितले जाते. कारण द्रवाबरोबर अन्न पिशवीतून लवकर पुढे सरकते. खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची नोंद ठेवणे, बसूनच खाणे, पदार्थ डब्यातून न खाता मोजून ताटलीत घेणे हे साधे उपाय उपयुक्त ठरतात. संयुक्त संस्थानांतील एका मोठ्या अभ्यासाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रियेनंतर तीन गोष्टींना महत्त्व मिळाले : नियमित वजन करणे, पोट भरल्याची जाणीव होताच थांबणे व दिवसभर खात राहणे सोडणे. या तिन्ही सवयी नव्याने लावून घेणाऱ्यांच्या वजनात तीन वर्षांनी सु. ३८.८ टक्के घट अपेक्षित होती, तर कोणताही बदल न करणाऱ्यांत ती २४.६ टक्के होती.

भारतातील परिस्थिती : मुंबई, पुणे व इतर शहरांत या शस्त्रक्रिया होतात. भारतीयांत कमी देहभारांकालाही मधुमेहासारखे विकार जडत असल्याने शस्त्रक्रियेसाठीची मर्यादाही पाश्चात्त्यांपेक्षा कमी धरली जाते. मराठी घरांत चिवडा, शेव, फरसाण व चहाबरोबरची बिस्किटे हे मधल्या वेळचे नेहमीचे पदार्थ होत. ते कुरकुरीत असले, तरी चावताच त्यांचा भुगा होतो व लहान पिशवीत ते फार काळ थांबत नाहीत. १०० ग्रॅ. शेंगदाण्यांत सु. ५६७ किलोकॅलरी असतात. प्रत्येकी १० ग्रॅ. साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेतल्यास केवळ साखरेतूनच सु. २०० किलोकॅलरी मिळतात. उलट उसळ, दही, पनीर, अंडी व मासे यांतून प्रथिने मिळतात व त्यांतील घट्ट पदार्थ तृप्तीही देतात. पाहुण्याला आग्रह करून वाढण्याची रीत लक्षात घेता केवळ रुग्णालाच नव्हे, तर कुटुंबीयांनाही आहाराची माहिती देणे आवश्यक ठरते. वजन पुन्हा वाढू लागलेल्या रुग्णाने संकोचाने तपासणी टाळू नये. सवय लवकर ध्यानात आल्यास ती बदलणे सुकर होते आणि शस्त्रक्रियेपासून मिळालेला लाभ बव्हंशी टिकविता येतो.