सट्टा, शेअर आणि सरासरी

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत 'शेअर' हा शब्द अद्यापि दबक्या आवाजातच उच्चारला जातो. कोल्हापुरात तर शिलकीच्या मार्गांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे : आधी शेत, मग गुजरीतील सोने, आणि उरलेच तर बँकेतील मुदत ठेव. या भीतीस हसणे सोपे आहे. परंतु तिला इतिहास आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले व लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसास अपूर्व भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्यास वाट हवी म्हणून नव्या बँका व कंपन्या भराभर निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले, कापूस उतरला. आणि १ जुलै रोजी वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ आली तेव्हा भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. तोच भाग दोन हजारांखाली आला. पुढे दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, दलालांनी आपला संघ स्थापिला. तोच आजचा मुंबई शेअर बाजार होय.

या अनर्थात दोष कोणाचा? शेअर बाळगण्याचा नव्हे, तर उसन्या पैशाने, घाईघाईने, एखाद्याच कंपनीवर सर्वस्व लावण्याचा. एकेका उद्योगाचे आयुष्य किती अनिश्चित असते, हे आम्हां कोल्हापूरकरांस सांगावयास नको. शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या कापड गिरणीचा पाया घातला, तिचा भोंगा आज बंद आहे.

मुंबई बाजाराने १९८६ मध्ये तीस कंपन्यांचा निर्देशांक, म्हणजे 'सेन्सेक्स', प्रसिद्ध केला. १९७८-७९ या वर्षाचा आकडा १०० धरला होता. त्या पहिल्या यादीतील प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्थान मोटर्स, बॉम्बे डाइंग ही नावे पुढे गळाली व त्यांच्या जागी दुसरी आली. तथापि निर्देशांक १९९० मध्ये १,००० वर, २००६ मध्ये १०,००० वर व २०२१ मध्ये ५०,००० वर पोहोचला. पाने गळाली, पण झाड वाढत राहिले.

हे झाडच विकत का घेऊ नये, असा विचार अमेरिकेत जॉन बोगल यांनी केला. १९७६ साली त्यांनी सामान्य माणसासाठी असा फंड काढला, की जो कंपन्यांची निवडच करीत नाही. निर्देशांकातील सर्व कंपन्या त्यांच्या प्रमाणात घेऊन स्वस्थ बसतो. पंधरा कोटी डॉलरांची अपेक्षा असता सुमारे सव्वा कोटीही जमले नाहीत, आणि लोकांनी त्यास 'बोगलचा मूर्खपणा' म्हटले. परंतु त्यामागील गणित बिनतोड होते. बाजारातील सर्वांची मिळून प्राप्ती ती बाजाराचीच प्राप्ती; तेव्हा ज्याचा खर्च अधिक, त्याच्या पदरी सरासरीने कमीच पडावयाचे. एक लाख रुपये तीस वर्षे दरसाल दहा टक्क्यांनी वाढले असे धरा. खर्च पाव टक्का असेल तर सुमारे सव्वासोळा लाख होतील. दोन टक्के असेल तर जेमतेम दहा लाख. सहा लाखांचा हा फरक निव्वळ खर्चाने खाल्लेला असतो.

अर्थात हे अभयदान नव्हे. २००८ साली हाच सेन्सेक्स दहा महिन्यांत एकवीस हजारांवरून आठ हजारांच्या आसपास घसरला. तेव्हा मुलीचे लग्न वा घराचा हप्ता यांचा पैसा येथे घालू नये. पंधरा-वीस वर्षे ज्यास हात लावावा लागणार नाही, तेवढाच घालावा.

हा प्रश्न आता हौसेचा उरलेला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत येणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने जुने निवृत्तिवेतन बंद केले. माझे कित्येक विद्यार्थी आज त्याच पिढीचे शिक्षक आहेत. आमच्या म्हातारपणाची तजवीज सरकारने केली होती. त्यांस आपल्या म्हातारपणाचा विचार तरुणपणीच करावा लागेल. १८६५ च्या भीतीने त्यांनी बाजाराकडे पाठ फिरवू नये, आणि १८६५ च्याच लोभाने त्यात उडीही घेऊ नये, एवढेच मला त्यांस सांगावयाचे आहे.