नाक्यावरची झडती

निजामाच्या राज्यात वाहनाची झडती हे प्रामुख्याने करोडगिरीचे, म्हणजे जकात खात्याचे, काम होते. लातूरहून बार्शीकडे, नांदेडहून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जाणारा माल इंग्रजी मुलखात शिरे. म्हणून हद्दीवरच्या नाक्यावर गाडी उभी राही, पोती उतरत, जकात आकारली जाई.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि 1 एप्रिल 1951 पासून 1898 ची फौजदारी प्रक्रिया संहिता इथेही लागू झाली. पंच आणि पंचनामा हीच तिच्यातली नागरिकाची खरी ढाल.

आजही लायसन्स मागणे वेगळे आणि डिकी उघडायला लावणे वेगळे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 130 गणवेशातल्या पोलिसाला कागदपत्रे पाहू देते. झडतीला गुन्ह्याचा सबळ संशय हवा. अंमली पदार्थांसाठी अंगझडती असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर ती मागण्याचा हक्क 1985 चा कायदा देतो.

मात्र झडती बेकायदा ठरली तरी सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये पूरनमल खटल्यात ठरवले. नागरिकाची बाजू इथे फार लंगडी पडते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले. देगलूर-उदगीरच्या सीमारस्त्यांवरही तोच नियम आहे.